तुमच्याजोगं मांजर

१

कवळी तोंडाला बसत नाही, तोंड कवळीला बसतं. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. नवी कवळी बोचते, तोंडात कुणी परकं माणूस येऊन बसल्यासारखं वाटतं. मग हळूहळू हिरड्या झिजतात, जीभ सरकून घेते, गाल सवय करून घेतात. शेवटी गिऱ्हाईक म्हणतं, "आता कशी छान बसली!" कवळी असते तशीच असते, पण हे मी त्याला सांगत नाही, कारण मला धंदा करायचा असतो.

दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, घासूनपुसून कवळी परत पाठवतो. घरातलीच एक खोली त्यासाठी आहे. बायको होती तोवर हाका मारमारून मला त्या खोलीबाहेर काढायची. ती गेली आणि मी दिवसचे दिवस पांढऱ्या भुकटीत बसून काढू लागलो. मुलगी दुसऱ्या गावी. जावई जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यातच. मुलीला दिवस गेले होते आणि फोनवर तिने एकच धोशा लावला होता.

"बाबा, आई नाही. तुम्ही तरी हवेत मला त्या वेळी. एकटीने नाही होणार माझ्याच्याने. येणार ना?"

"येणार म्हणजे येणार. तू नको म्हणालीस तरी येऊन बसेन."

"आणि तोवर घरात काहीतरी जिवंत आणा हो. तुमचा आवाज गंजल्यासारखा येतोय."

जिवंत म्हणजे काय आणावं, ते घड्याळजींनी सुचवलं. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एकटे राहायचे. त्यांची खालची कवळी सैल होती. बोलताना, नुसतं तोंड मिटतानासुद्धा, वरच्या कवळीवर आपटून टक् वाजायची. "तुमच्या दुकानात एक घड्याळ जास्तच चालतंय," अशी थट्टा मी करायचो. शेवटचे आले तेव्हा कोटाला करडे केस चिकटले होते.

"मांजर पाळलंय," ते म्हणाले. टक्. "एक बाई आहेत, निवडून देतात. तुम्हालाही देतील तुमच्याजोगं." टक्.

मी म्हटलं, कवळी ठेवून जा, संध्याकाळपर्यंत घट्ट करून देतो. पण घरी वाट बघत असेल म्हणून ते घाईने गेले. नंतर काही महिने दुकानाला कुलूपच दिसलं. मुलाकडे गेले असतील, असं धरून मी तो विषय सोडून दिला.

२

मांजरवाल्या बाई एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. वय चाळिशीचं, हातावर एक ओरखडा नाही. मांजरं पाळणाऱ्या बाईच्या हातावर ओरखडा नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं.

खोली स्वच्छ होती. खिडक्यांना बारीक जाळ्या. फळ्यांवर, गाद्यांवर मांजरं बसलेली, आणि एकही हलत नव्हतं. मी माझ्या अटी सांगितल्या. लहान पिल्लू नको, ते मेणात पाय घालेल. केस फार गाळणारं नको, गुलाबी कवळीत करडा केस अडकला तर गिऱ्हाईक कवळी फेकून मारेल. शांत हवं, समंजस हवं. आणि मुलीकडे जाईन तेव्हा टोपलीत घालून नेता आलं पाहिजे.

बाईंनी ऐकून घेतलं, पण त्यातलं एक अक्षर मनावर घेतलंसं दिसलं नाही. त्यांनीच विचारायला सुरुवात केली.

"काका, झोपता कोणत्या कुशीवर?"

"डाव्या. का हो?"

"घोरता?"

"बायको म्हणायची. मी कधी ऐकलं नाही."

"कुणी बोलावलं तर लगेच उठता, की दोनदा बोलवावं लागतं? गप्प बसून किती वेळ राहवतं? तुमचं म्हणून कोण आहे?"

मला हसू येत होतं. मुलगी दाखवायला नेतात तसं मलाच दाखवायला आणल्यासारखं चाललं होतं. पण जबाबदार बाई आहे, चार गोष्टी विचारून घेते, यात वाईट काय? मुलीचा पत्ता दिला, फोन नंबर दिला, तिला बाळ होणार आहे हेही कौतुकाने सांगितलं. बाईंनी ते मात्र पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"एखादा वापरलेला शर्ट आणून द्या," त्या म्हणाल्या. "न धुतलेला. तिला वासाची सवय झाली पाहिजे."

"तिला? म्हणजे ठरलं का तुमचं?"

बाईंनी फळीवरच्या एका करड्या मांजरीकडे पाहिलं. मांजरी माझ्याकडे बघत होती, बहुधा मी आलो तेव्हापासून.

तेवढ्यात आतल्या बंद दाराआडून आवाज आला. टक्.

उभ्या आयुष्यात मी तो आवाज हजारदा ऐकलाय. स्वयंपाक्याला फोडणी जळल्याचा वास कळतो, तशी मला सैल कवळी कळते.

"आत कुणी आहे का?"

"परत आलेले," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचंच जमतं असं नाही ना. कधी कधी परत घ्यावं लागतं."

परत आलेली मांजरं. असेल. एखादं पाण्याचं भांडं फरशीवर आपटलं असेल. मांजरं कवळ्या लावत नाहीत, एवढी अक्कल मला आहे.

३

मांजरी घरी येण्याआधी बाईंनी सांगितलेला सुतार आला. त्याने माझ्या कामाच्या खोलीच्या खिडकीला जाळी ठोकली. नव्या मांजराला आधी एकाच खोलीत ठेवायचं असतं, जागेची सवय झाली की मग पुढचं घर. हे मीही कुठेतरी ऐकलं होतं. बाकीच्या खोल्यांपेक्षा हीच बरी, मी दिवसभर इथेच तर असतो.

जाळी झाल्यावर सुतार दाराकडे वळला. आतला बोल्ट काढला आणि बाहेरून नवी कडी बसवली.

"अहो, हे कशाला?"

"बाईंनी सांगितलंय. आतल्या बोल्टात पंजा अडकतो म्हणे. कडी बाहेर बरी."

बरोबर होतं. मी बाहेर गेलो की मांजर आत राहायला नको का? कडी मात्र भलतीच ताठ होती, कोयंड्यात सरकवायला त्याला हातोडीने दोन ठोके द्यावे लागले. "वापरून वापरून सैल पडेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई मांजरीला घेऊन आल्या. टोपली उघडली. मी ऐकलं होतं की नवं मांजर पलंगाखाली लपतं, कोपरे हुंगतं, म्याव म्याव करून जीव नकोसा करतं. ही बाहेर आली, खोलीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्यासमोर येऊन बसली आणि मला बघू लागली.

"नाव काय ठेवू?" मी विचारलं.

"एवढ्यात नको," बाई म्हणाल्या. "आधी तिला ठरवू दे."

४

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटलं. घरात कुणीतरी श्वास घेत होतं. ती बाकावर चढायची नाही, मेणाला शिवायची नाही, एक केस कधी कवळीत सापडला नाही. मागितलं होतं तसंच, माप घेऊन केल्यासारखं मांजर. एकच गोष्ट खटकायची. ती कधी घुरघुरली नाही. मी मांडीवर घेतलं, गळ्याखाली खाजवलं, बायकोला माझं जे गाणं आवडायचं ते गुणगुणलो. ती माझ्याकडे बघत राहायची, चव कळेपर्यंत थांबल्यासारखी.

मी बाहेर गेलो की ती जेवायची नाही. डॉक्टरांकडे कवळ्या पोचवून यायला उशीर झाला की वाटी भरलेली तशीच. म्हणून डॉक्टरांच्या कंपाउंडरला म्हटलं, तूच येऊन घेऊन जात जा बाबा. मग वाण्यालाही सामान दाराशी ठेवायला सांगितलं. झोपायच्या खोलीत गेलो तर ती दारात बसून राहायची, रागाने नाही, नुसती बसून. शेवटी गादी मीच इकडे आणली. एका मुक्या जिवासाठी माणूस एवढंही करणार नाही का?

एकदा कंपाउंडर दारातून डोकावून म्हणाला, "काका, कपडे तरी बदला. आणि हे काय, भिंतीला टेकून खाली काय बसलाय?"

मी खाली बसलो होतो खरा. गुडघ्यांवर हात ठेवून. खुर्चीवर बसलो की ती अस्वस्थ व्हायची आणि खाली बसलो की नाही. त्यामुळे सवय पडली असावी. मी उठलो आणि मुद्दाम खुर्चीवर बसलो. कंपाउंडर जाईपर्यंत बसलो.

मुलीचा रोज फोन यायचा. "मांजर कसं आहे?"

"छान रुळलंय."

"आणि तुम्ही?"

"मीही," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं, या जाणिवेने मला त्या क्षणी कसंसंच झालं.

५

निघायचा दिवस ठरला. मुलीचे दिवस भरत आले होते. दुपारच्या गाडीचं तिकीट काढलं, पिशवी भरली, मांजरीची टोपली पुसून ठेवली. सकाळी शेवटची एक कवळी घासता घासता बाकावरच डोळा लागला.

जाग आली तेव्हा खोलीत ती नव्हती. दार बंद होतं. मी ढकललं. उघडलं नाही.

आधी वाटलं, लाकूड फुगलंय. खांदा लावला, आणि कडीचा आवाज आला. बाहेरची कडी लागलेली होती.

घरात दुसरं कुणी नव्हतं. मुख्य दाराला मी स्वतः आतून कुलूप लावलं होतं, किल्ली माझ्या खिशात होती. हाका मारल्या. कुणाला मारत होतो कोण जाणे. फोन बाहेर पिशवीत वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. खिडकीच्या जाळीतून खाली रस्ता दिसत होता. ओरडलो, तर एका बाईने वर बघितलं, मांजर ओरडल्यावर बघतात तसं, आणि ती पुढे गेली.

कडी आपोआप पडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दार जोरात लागलं की पडते कधी कधी. पण ही पडणारी कडी नव्हती, हातोडीने बसवावी लागणारी होती. मी दाराला कान लावला. अगदी पलीकडे, तळाशी, कुणीतरी अंग टेकून बसलं होतं. श्वास ऐकू येत होता.

घाबरलो मी. मी गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीशी बसलो, आणि गाडीची वेळ टळून गेल्यावर कडी निघाल्याचा आवाज आला. दार किंचित उघडलं. ती आत आली आणि वाटीतलं सगळं जेवली.

"बाबा, कुठे होता तुम्ही?" फोनवर मुलगी रडवेली झाली होती. "आज येणार होतात ना?"

"उद्या येतो. एक काम उरकतो आणि येतो. शपथ."

६

काम म्हणजे मांजरी परत करणं. तिला टोपलीत घातलं तेव्हा तिने जराही विरोध केला नाही. उलट स्वतःच आत जाऊन बसली.

बाईंनी दार उघडलं. टोपलीचं झाकण काढलं आणि माझ्याकडे न बघता खाली वाकून म्हणाल्या, "काय गं? नाही जमलं?"

मांजरी टोपलीतच बसून राहिली.

"वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "दोनदा झालं तुझं असं. आधीचाही नाही आवडला." मग त्यांनी माझा कोपर धरला. एखाद्या आजाऱ्याला धरावं तसा, मायेने. "या काका. चपला इथेच काढा."

आणि आतलं दार उघडलं.

मी पुरतं पाहिलं नाही. जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो. जाळीतून ऊन आलेलं होतं. भिंतीला लागून गाद्या होत्या. गाद्यांवर गुडघे होते, आणि गुडघ्यांवर हात. दार उघडल्याबरोबर सगळ्या माना एकदम इकडे वळल्या, आणि त्यांच्या नजरेत आशा होती, न्यायला कुणी आलंय का, अशी. दाराजवळच्या चेहऱ्यावर, डोळ्याभोवती, भिंग लावून लावून पडलेली खाच होती. त्याने मला ओळखलं. बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

टक्.

"नाही, नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला बारीक वाटला. "परत करायला नाही आलो. जमलंय. छान जमलंय आमचं. नखं वाढली होती, ती कापायला आलो होतो."

"कुणाची?" बाईंनी विचारलं.

बाईंनी मांजरीकडे पाहिलं. मांजरीने डोळे मिटले, सावकाश उघडले.

"बरं," बाई म्हणाल्या. माझा कोपर सुटला. "अजून थोडे दिवस बघू म्हणतेय. नशीबवान आहात. आणि मुलीकडे जायचं म्हणत होतात ना? खुशाल जा हिला घेऊन. पत्ता आहे माझ्याकडे. तिथेही येऊन बघून जाईन."

टोपली घेऊन मी रस्त्यावर आलो. ती तिथेच टाकून पळावं, हे मनात आलं नाही असं नाही. पण पळणार कुठे? माझं म्हणून एकच घर होतं, आणि त्या घराचा पत्ता मी माझ्या तोंडाने देऊन बसलो होतो. हिला घेऊन गेलो काय आणि न घेता गेलो काय, मागोमाग बाई त्या दारात उभी राहणार. वाकून बघणार. तिथे माझी मुलगी एकटी असणार, आणि बाळ.

मी घरी आलो. तिला खाली ठेवलं आणि भिंतीशी जाऊन बसलो. आपण इथून हललो नाही, तर हे संकटही इथून हलणार नाही. एवढा एकच हिशेब मला सुचला.

७

बाळ झालं. मुलगा. शेजारच्या बाईंनी मुलीला दवाखान्यात नेलं होतं. मी फोनवर कंबर धरल्याचं खोटं सांगितलं, आणि ती फक्त "असू दे बाबा" म्हणाली. त्या तीन शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं कशानेच लागलं नसेल. पण लागू दे, मी म्हटलं. ती तिकडे सुखरूप आहे ना, मग माझं काही होवो.

काही आठवड्यांनी मांजरवाल्या बाई पाहणीला आल्या. मी कसा बसतो, कसा उठतो ते बघितलं, मानेनेच ठीक म्हणाल्या. जाताना मांजरीच्या टोपलीत काहीतरी मऊ, पांढरं चिंधीसारखं ठेवून गेल्या. मी विचारलं नाही. विचारायची सवय सुटली होती.

मांजरी त्यावर जाऊन बसली. पंजांनी ते तुडवलं, त्यात नाक खुपसलं. आणि घुरघुरली. पहिल्यांदाच. माझ्या घरात, इतक्या दिवसांत, पहिल्यांदाच. आवाज एवढा भरदार होता की बाकावरचे मेणातले दात बारीक थरथरत होते. मला, लाज वाटते सांगायला, हेवा वाटला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, मी ठरवलंय. तुम्हाला येता येत नाही ना, मीच येते बाळाला घेऊन. कसले बाप आहात हो तुम्ही, नातवाला बघायचं नाही? मी रागावलेय, पण येतेय."

"येऊ नकोस," मी म्हणालो.

"का?"

"इथे... मांजर आहे. बाळाला बरं नाही ते."

ती हसली. किती दिवसांनी हसली. "अहो, तुमच्या त्या बाईंनी सगळं समजावलंय मला. दोन-तीनदा फोन आला त्यांचा, किती गोड बोलतात! बाळाचं एखादं वापरलेलं झबलं पाठव म्हणाल्या, न धुतलेलं. मांजराला वासाची सवय होते म्हणे. मी लगेच पाठवलंसुद्धा. मिळालं का त्यांना?"

मी टोपलीकडे वळून पाहिलं. टोपली रिकामी होती.

"येऊ नकोस," मी ओरडलो. "ऐक माझं. मी येतो. आत्ता निघतो, असाच निघतो. तू घर सोड, दुसरीकडे कुठेही जा, कुणाला सांगू नकोस..."

"बाबा, तुम्हाला बरं नाहीये," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. आईचा होता तसा झाला. "आता तर मी येणारच. आजच निघते. बसून राहा शांत, मी येईपर्यंत कुठे जाऊ नका."

फोन बंद झाला. मी दारापाशी गेलो आणि ढकललं. मग खांदा लावला. मग मुठींनी मारत राहिलो.

दाराच्या पलीकडे, तळाशी, ती घुरघुरत होती.